डावी पुडी

गेणूआबांनी उजव्या हातात काठी धरली आणि समोर आडव्या ठेवलेल्या, दोन्ही तोंडांना कातड्याच्या पुड्या ताणलेल्या ढोलाकडं नुसतं बघत बसले. डावा हात मांडीवर पडून होता. लकवा मारल्यापासून तो असाच, लग्नात रुसलेल्या व्याह्यागत.

"आबा, उजवी पुडी तुमी वाजवा. डावी माझं पॅड सांभाळंल," नात दिपाली म्हणाली. बारामतीच्या कॉलेजात जाणारी पोर. ढोलाच्या डाव्या पुडीचा आवाज तिनं त्या इलेक्ट्रॉनिक पॅडात भरून ठेवला होता. बोट टेकलं की ठोका.

"प्लास्टिकचं ताट घिऊन ढोल वाजवाय निघाली," आबा कुरकुरले. खरं तर त्यांना भीती वाटत होती. निरवांगीच्या देवळापुढं उभा जन्म वाजवलेलं. आता घरच्या ओसरीतही जमलं नाही, तर ढोल कायमचा माळ्यावर जाणार.

मुलगा दादासो झांजा घेऊन सरसावला. तालाशी त्याचं वाकडं, पण हौस दांडगी. दिपालीची आजी बानूबाई दाराच्या आतच, चौकटीला टेकून बसल्या. बाईमाणसानं ढोलाला शिवायचं नाही ही घरची रीत, आणि आबा त्यात फार कडक.

काठी पुडीवर पडली. पॅडनं साथ दिली. एकदा चुकलं, दोनदा चुकलं, दादासो तर कायमच चुकत होता; मग एकाएकी जमून आलं. ओसरी दणाणली. आबांना इतका आनंद झाला, की डोळे पुसायचंही सुचेना.

आणि मधेच त्यांनी काठी थांबवली.

"दिपे, नुसता तुजा ठोका वाजीव."

ठोका घुमला. त्याच्यामागं बारीक किणकिण.

"काकणं हायत ही. हात कुणाचा हाय ह्यो?"

दिपालीनं मान खाली घातली. दादासो उगाच झांजा पुसू लागला.

"तुमी दवाखान्यात होता तवा वाजवला मी," बानूबाई दारातूनच म्हणाल्या. "घर लई सुनं वाटायचं. पोरीनं गुपचूप भरून घेतलं."

आबांनी दाराकडं मान वळवली.

"डाव्या पुडीवर पंजा मारायला कुणी शिकिवलं?"

"कोन शिकिवणार? लगीन झाल्यापास्नं तुमच्याकडंच तर बघतीया."

आबांनी एका हातानं ढोल ओढला, डावी पुडी दाराकडं केली.

"दिपे, तू आता ताटावर दुसरं कायतरी वाजीव. हितं माणूस बसंल."

बानूबाई उठून आल्या, ढोलापाशी बसल्या आणि काकणं मनगटावरून मागं सारू लागल्या.

"ऱ्हाऊ दे ती," आबा म्हणाले.