दोन फाटकं

ॲम्ब्रोज विकेंडन हातमोजे चढवत पॅव्हेलियनच्या पायऱ्या उतरले आणि थबकले. समोर कुंपणात दोन फाटकं होती. मैदानात जायचं होतं, एवढं नक्की. पण कुठून?

मधलं फाटक हौशी खेळणाऱ्या सभ्य गृहस्थांचं, बाजूचं पगारी खेळाडूंचं. क्लबचे सचिव म्हणून वीस वर्षांपूर्वी त्यांनीच हा नियम लिहिला होता. आज दोन्ही फाटकं सारखीच पांढरी दिसत होती.

वर सज्जात अध्यक्ष लशिंग्टन बसले होते. जेवणाच्या सुटीत समिती ठरवणार होती, विकेंडनना सचिव ठेवायचं की नाही. गेल्याच महिन्यात त्यांनी एकाच तारखेला दोन संघांना खेळायला बोलावलं होतं.

विकेंडननी बाजूच्या फाटकाची कडी काढली आणि ते आत शिरले.

मागून येणारा ईनॉक टॅप्सेल क्षणभर थांबला. पंधरा वर्षं तो त्यांच्या जोडीने सलामीला खेळत होता, पगारावर. त्याने सज्जाकडे पाहिलं आणि सरळ मधल्या फाटकातून गेला.

"टॅप्सेल!" कुणीतरी ओरडलं. "सरदारकी मिळाली वाटतं तुला?"

हशा पिकला. ईनॉकने टोपीला हात लावला.

सुटी होताच लशिंग्टन पायऱ्यांवर आडवे आले.

"हा काय पोरखेळ? विकेंडन, तुम्ही याच्या फाटकातून आणि हा तुमच्या?"

"माझीच चूक, सर," ईनॉक म्हणाला. "मी मध्येच घुसलो. म्हणून साहेबांनी दुसरं फाटक धरलं."

"मग पुढच्या मोसमात दुसरा क्लब बघ."

 बॅटच्या मुठीवरचा सुटलेला दोरा ईनॉक पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिला. विकेंडन त्या बोटांकडे बघत होते. कसलं फाटक, कुणाचं, त्यांना काहीच जुळवता येईना.

"मीच सांगितलं त्याला," ते म्हणाले.

"तुम्ही? नियम तुमचाच आहे!"

"हो ना. तरी मीच सांगितलं."

लशिंग्टन पायऱ्यांवरून बाजूला झाले. "हे समितीला सांगावं लागेल मला."

"सांगा की."

जेवणानंतर दोघं पुन्हा खेळायला निघाले. समितीच्या खोलीचं दार अजून बंद होतं. कुंपणापाशी विकेंडन थांबले.

"टॅप्सेल, मी खरंच तुला तसं सांगितलं होतं का रे?"

"सांगितलं होतं, साहेब."

"बरं झालं. मला वाटलं, मी विसरलो."

ईनॉकने फाटक उघडून धरलं. कोणतं, ते विकेंडननी पाहिलं नाही.