मशिनीपुढचं भाषण

आमचे हे, म्हणजे नवनाथ, घरात वाघ आहेत वाघ. भाजीवाल्यानं शिळा पालक दिला तर तिथंच त्याची खरडपट्टी काढतील, रिक्षावाल्याशी अर्ध्या गुजरातीत भांडून येतील. पण दहावीस माणसं समोर गप्प उभी राहून ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागली की संपलं! तळहात ओले होतात, जीभ टाळूला चिकटते, आणि विचारलं तर स्वतःचं नाव सांगता येणार नाही.

मी दुर्गा. माहेर शिरपूरकडचं, सासर साक्रीकडचं, आणि राहायला सिल्वासाच्या आमली भागात एक खोली. एकाच धाग्याच्या कंपनीत आम्ही दोघं कामाला आहोत, हे मशीनवर आणि मी पॅकिंगला. लोकांना वाटतं, नवरा-बायको एकाच कंपनीत, काय मजा असेल! डोंबलाची मजा. माझी ड्यूटी रोज नऊ ते सहा, आणि ह्यांची शिफ्ट दर आठवड्याला फिरती. नाइट असली की मी सकाळी निघताना हे दारात उभे, डोळे लाल. सेकंड असली की मी घरी येते तेव्हा ताटावर ताट झाकलेलं, आणि माणूस कंपनीत. सुट्टीचा वारसुद्धा वेगळा, माझा रविवार, ह्यांचा मधलाच कुठला तरी. दुधनीला धरणाच्या पाण्यावर जाऊन बोटीत बसायचं लग्न झाल्या झाल्या ठरवलं होतं, ते अजून ठरलेलंच आहे. पॅकिंगची कोंडाबाई मला चिडवायची, "दुर्गे, पाळणा कधी हलायचा गं?" मी म्हणायची, "मावशी, आधी शिफ्ट तर जुळू दे!"

आणि देवानं ऐकलं. लाइन इन्चार्जची जागा रिकामी झाली. उदय साहेब, आमचे प्रॉडक्शन मॅनेजर, पुण्याचे, शांत माणूस. त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं, "नवनाथ, तुम्ही इन्चार्ज व्हा. जनरल शिफ्ट, नऊ ते सहा, रविवारी सुट्टी." दुसरा असता तर पेढे घेऊन घरी आला असता. हे आले ते मयताला जाऊन आल्यासारखे.

का? तर इन्चार्जला रोज सकाळी सेफ्टी मीटिंग घ्यावी लागते. गेटजवळच्या शेडमध्ये सगळे रांगेत उभे राहतात आणि इन्चार्ज पाच मिनिटं बोलतो, तेही हिंदीत, कारण आमच्याकडे ओडिशाचे, बिहारचे, गुजरातचे, सगळीकडचे लोक. मागच्या वर्षी साहेबांनी ह्यांना सहज पुढे उभं केलं होतं. ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं, "पाणी पिके आता हूँ" म्हणाले आणि गेले. मीटिंग संपली तरी माणूस कूलरपाशीच.

"मी नाही म्हणून सांगणार आहे," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अहो, पाच मिनिटांसाठी? पाच मिनिटं बोलायला लागतं म्हणून जन्मभर मी एकटीनं जेवायचं का?"

हे हळूच म्हणाले, "दुर्गा, मला दुसरं काहीही सांग. तिथं उभं राहिलं ना, की छातीत असं धडधडतं, वाटतं आता पडणार." डोळ्यांत पाणी होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला वाटायचं, हा माणूस नुसता लाजतो. हे काही लाजणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीच साहेबांकडे गेले. "साहेब, थोडा वेळ द्या त्यांना." साहेब म्हणाले, "महिनाअखेरीपर्यंत थांबतो. एक मीटिंग घेऊन दाखवायची. नाहीच जमलं तर दुसरा माणूस बघावा लागेल, माझाही नाइलाज आहे." बरोबरच होतं त्यांचं.

आता करायचं काय? घरी म्हटलं, माझ्यासमोर बोला. छे! आपलाच आवाज खोलीत घुमला की हे गप्प. "मलाच माझा आवाज ऐकवत नाही," म्हणाले. हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्याच दिवशी बॉबिनची, म्हणजे धाग्याच्या रिळांची, ट्रॉली आणायला मी मशीन हॉलमध्ये गेले. तिथं असा आवाज असतो की कानात बोळे घातले तरी छाती हादरते, कानाशी ओरडलं तरी कळत नाही, सगळं काम हाताच्या खुणांनी. आणि मला सुचलं. अगं बाई, ज्या जागी ह्यांचा आवाज ह्यांनासुद्धा ऐकू येणार नाही, अशी जागा तर इथंच आहे!

"मशिनीपुढे बोला," मी सांगितलं. "धागा बघत बघत बोलायचं. कुणाला ऐकू येतंय?"

"येडी आहेस का?" म्हणाले. पण फर्स्ट शिफ्टला गेल्यावर केलं. मी ट्रॉली घेऊन मुद्दाम जाऊन बघितलं तर हॉलच्या मधोमध, जिथं सगळ्यात जास्त धडाका, तिथं हे मशिनीकडे तोंड करून उभे आणि ओठ हलतायत. मला हसू आवरेना. नंतर विचारलं, तर मशिनीला सांगत होते की दस्ताने, म्हणजे हातमोजे, घालून फिरत्या रोलरपाशी हात नेऊ नका!

साहेबांनी महिनाअखेरीपर्यंत ह्यांना फर्स्ट शिफ्टच दिली होती. पुढच्या आठवड्यात मी त्यांना ओळीच्या टोकाला सरकवलं, तिथं आवाज जरा कमी. मग दाराजवळ. तिथं स्वतःचा आवाज पुसट ऐकू आला तेव्हा पहिल्या दिवशी घाम फुटला, चौथ्या दिवशी नाही. मग गोदामात, बॉबिनच्या खोक्यांमध्ये, समोर फक्त मी. दोनदा अडखळले, पण शेवटापर्यंत गेले. मी टाळ्या वाजवल्या तर माझ्यावरच खेकसले, "हळू, कुणीतरी येईल!"

मग घाई मीच केली. म्हटलं, जमतंय तर आता कँटीन. जेवणाच्या सुट्टीत एका टेबलावरच्या लोकांना दोन वाक्यं सांगा, बस. हे उभे राहिले. लोकांनी माना वर केल्या. ह्यांनी डाळीची वाटी उचलली, परत ठेवली, ती कलंडली, सगळी डाळ पँटवर. "कुछ नहीं, कुछ नहीं," म्हणत बाहेर. मला रडूच आलं. आपणच घात केला असं वाटलं. संध्याकाळी हे डाळीचा डाग घासत बसले होते. मी म्हटलं, "चुकलं माझं. उद्या परत मशिनीपुढे." तर म्हणाले, "मशिनीपुढे नको. गोदामातच जाऊ." एवढं ऐकून मला किती बरं वाटलं काय सांगू! माणूस मागे आला होता, पण पार सुरुवातीपर्यंत नाही.

महिना संपत आला तेव्हा एक दिवस खोक्यांना पट्टी मारता मारता कोंडाबाई म्हणाली, "काय गं, तुझा नवरा मशिनीला रोज भाषण देतो, ती ऐकते का त्याचं?"

माझ्या हातातली टेप खाली पडली. "तुला काय माहीत?"

"मी काय, सगळ्या हॉलला माहीत आहे. तिथं इतकी वर्षं काम करणारे मशिनीपलीकडूनही ओठांवरून वाचतात गं. माझी निम्मी नोकरी त्या हॉलमध्ये गेली. दस्ताने, रोलर, बाल बाँधके रखो... आम्हाला पाठ झालंय ते."

"आणि कुणी बोललं नाही?"

"कशाला बोलायचं? घाबरट माणूस मन लावून करतोय, करू दे की."

आता हे घरी सांगायचं की नाही? सांगितलं तर हे त्या कंपनीत परत पाय ठेवणार नाहीत अशी माझी खात्री. मी तोंड शिवून बसले. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मीटिंगचा दिवस आला. मी लवकर येऊन पॅकिंगच्या बायकांमध्ये कडेला उभी राहिले, तिथून हेही दिसत होते आणि पुढच्या रांगेतली तोंडंही. शेडमध्ये सगळे रांगेत, साहेब बाजूला. हे पुढे आले. शर्ट मीच इस्त्री केलेला. "नमस्कार भाइयों और बहनों. आज हम रोलर के बारे में..." आणि थांबले.

शांतता म्हणजे अशी शांतता की बाहेरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला. गेलं, म्हटलं, सगळं गेलं.

आणि पुढच्या रांगेतल्या ओडिशाच्या एका ऑपरेटरचे ओठ हलले. आवाज काही नाही. हे त्याच्याकडे बघायला लागले, कपाळाला आठी घालून, हॉलमध्ये पलीकडून कुणी काही सांगत असलं की बघतात तसे. शेजारच्याचे ओठ हलले. मग त्याच्या शेजारच्याचे. अख्खी रांग बिनआवाजी बोलत होती.

"दस्ताने," हे म्हणाले. "दस्ताने पहनके घूमते रोलर के पास हाथ नहीं ले जाना."

मग पुढचं वाक्य. मग त्याच्या पुढचं. कुठंतरी मध्येच ह्यांनी स्वतःचं काढलं. एकदा त्यांची बाही रोलरमध्ये ओढली गेली होती, ते सांगायला लागले, बाही कशी फाटली, म्हणून हात वाचला. हे मशिनीला कधी सांगितलेलं नव्हतं, मलासुद्धा नाही. सगळ्यांचे ओठ थांबले. आता लोक नुसते ऐकत होते. मी पदरात तोंड खुपसून रडले, आणि कोंडाबाई माझ्या पाठीवर थापट्या मारत म्हणत होती, "पुरे गं, पुरे!"

मीटिंग संपल्यावर ह्यांनी मला कँटीनच्या पायरीवर गाठलं. "तुला माहीत होतं?"

"दोन दिवसांपासून."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो." म्हटलं आता तोफ सुटणार.

हे पायरीवर बसले. "म्हणजे," म्हणाले, "मी महिनाभर सगळ्यांसमोरच बोलत होतो." आणि असे हसायला लागले की आतून आचारी बघायला आला.

आता हे इन्चार्ज आहेत. पहिल्या दिवशी सहाला आम्ही दोघं एकाच गेटमधून बाहेर पडलो. बाहेर लख्ख उजेड होता. मी विचारलं, "आज धडधडलं का?"

"धडधडलं की. उद्याही धडधडेल." थोडं चालून म्हणाले, "धडधडू दे. बोलता येतं धडधडतानाही."

वाटेत मेथी घेतली, ह्यांनी त्या भाजीवाल्याची यथासांग हजेरी घेतली. जिना चढून खोलीच्या दारात आलो, मी पर्समधून किल्ली काढली आणि कुलपाला लावायला गेले, तर ह्यांचीही किल्ली पुढे आलेली. दोघांच्या दोन किल्ल्या एका कुलपापाशी. इतक्या वर्षांत ते कुलूप आम्ही एकदाही एकत्र येऊन उघडलं नव्हतं.

"उघडा तुम्ही," मी म्हणाले, आणि त्यांच्या मागे उभी राहिले.