आधी कोपरा

गिरणीत नवे जपानी माग आले आणि ते बसवायला मोरितासाहेब आले. पंधरवड्यात गिरणीनं त्यांचे मोरेसाहेब केले. जाताना ते एका सुपरवायझरला शिकायला जपानला नेणार होते. चौऱ्याहत्तर साल ते. जपान तेव्हा फार लांब होतं.

सुपरवायझर सिद्धाप्पानं कोट शिवायला टाकला. साहेबांसमोर रोज संध्याकाळी बसायचा मान त्यालाच होता ना! सात रस्त्याजवळच्या गेस्टहाउसवर साहेब त्याला ‘गो’ शिकवत. पटावर उभ्याआडव्या रेषा, काळ्यापांढऱ्या सोंगट्या. सोंगट्यांचं कुंपण घालून जो जास्त जागा अडवेल तो जिंकला.

पहिल्याच दिवशी सिद्धाप्पानं पहिली सोंगटी पटाच्या मधोमध ठेवली. मानाचा पाहुणा कोपऱ्यात बसलेला कुणी पाहिलाय? साहेबांनी भुवया उंचावल्या. सिद्धाप्पाला ते कौतुक वाटलं. साहेबांनी एक कोपरा धरला, मग दुसरा. ‘भ्याले,’ सिद्धाप्पा मनात म्हणाला. शेवटी त्याच्या सोंगट्या रुसलेल्या व्याह्यांसारख्या मधे उभ्या, आणि भोवतीची सगळी जमीन साहेबांची.

महिनाभर हेच चाललं. शेवटच्या संध्याकाळी साहेबांनी त्याची मधली सोंगटी उचलून कोपऱ्यात ठेवली. आजवर दोघं मोडक्या इंग्रजीत बोलत. आज साहेब चक्क मराठीत म्हणाले,

“आदी कोपरा. मग कड. मदलं लास्ट. लई घाई न्हाय करायची की, सिद्धाप्पा.”

सिद्धाप्पाच्या अंगावर पाल पडली जणू. ही बोली ओळखीची होती.

“साहेब, हे कुणी शिकवलं?”

साहेबांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. आतून दुसरा सुपरवायझर ईरप्पा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट घेऊन आला. गेस्टहाउसचा खानसामा त्याचा साडू. साहेबांच्या ड्रायव्हरला तो मामा म्हणे. मॅनेजरच्या आईला दर सोमवारी सिद्धेश्वराला तोच नेई. हे सगळं सिद्धाप्पाला ठाऊक होतं. त्यानं ते कधी मोजलं नव्हतं, इतकंच.

“बसा की अण्णा. दमला आसाल.”

“तुला येतो हा खेळ?” सिद्धाप्पानं विचारलं.

“छ्या! सोंगटी कुटं ठेवायची त्येबी म्हाईत न्हाय आपल्याला.” ईरप्पानं ताट साहेबांपुढं सरकवलं. “बरं अण्णा, तुमचा त्यो नवा कोट मला बसंल का वो? तितं लई थंडी हाय म्हणत्यात. कालच माजं नाव पक्कं केलं सायबांनी.”

साहेबांनी भाकरी मोडत मान हलवली.

सिद्धाप्पाच्या तोंडून एवढंच निघालं, “बाही जरा आखूड होईल.”