हद्दीखालचा कोळसा

शिंपीणबाईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं निवृत्त मोजणीदार आठ महिने स्वतःला सांगत होते. खरं तर राहिलं नव्हतं. त्यांनी दिलं नव्हतं. पत्र जाड शब्दकोशात दडवलं होतं, पण मजकूर पाठ झाला होता.

"काका, आमच्या हद्दीचा दगड तुम्हीच रोवलात. पुढाऱ्याच्या माणसांनी तो सरकवून विहीर कुंपणात घेतली. कोर्टात म्हणतात, दगड पहिल्यापासून तिथंच आहे. खरं काय ते दोन ओळींत लिहाल?"

शनिवारी सकाळी मुलगा टाइप केलेला कागद घेऊन आला. त्याची नोकरी पुढाऱ्याच्याच कॉलेजात.

"बाबा, फक्त सही. दगड हललेला नाही, एवढंच आहे यात."

"मी कुठे पाहिलाय आता?"

"म्हणून तर सोपं आहे."

"सोपं असतं तर त्यांनीच केली असती की सही," मुलाची आई आतून म्हणाली.

"आई, माझी नोकरी जाईल."

मोजणीदारांना बोलताना कधीच सुचत नसे. त्यांनी कागद उलटा केला आणि पेन उघडलं.

"त्याच्या मागे काय लिहिताय?"

"कागद चांगला आहे."

मुलगा चहा तसाच ठेवून निघून गेला. मोजणीदारांचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला.

दगडाखाली कोळसा पुरायची त्यांची जुनी पद्धत होती. कोळसा कुजत नाही. दगड हलवला तरी मूळ जागा सापडते. हा दगड रोवला त्या दिवशी शिंपीण दहा वर्षांची होती. चहा आणताना तिच्या हातून निळा कप फुटला. तिची आई रागावणार, तोच ते म्हणाले होते, "द्या इकडे, कामाचा आहे."

त्यांनी लिहिलं: "विहिरीच्या कठड्यापासून उगवतीकडे बावीस फूट मोज. कोर्टाच्या माणसासमोर कंबरभर खणायला लाव. कोळसा निघेल, त्यावर तुझा फुटका निळा कप. दगड मी तिथंच रोवला होता. साक्षीला येतो. हा कागद माझ्याकडे कशाला आला होता, ते मागच्या बाजूला वाच. उशीर केला, चूक माझी."

"सोमवारी टाकतो," ते म्हणाले.

"सोमवारपर्यंत तुमचे हातपाय गार पडतील," बायकोने छत्री हातात दिली. "रजिस्टर करा."

पोस्टाच्या खिडकीतल्या कारकुनाने पाकीट उलटसुलट पाहिलं. "पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय, आजोबा."

राहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं नव्हतं. पण आता त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, पत्ता लिहिला, खाली 'मोजणीदार' असंही लिहिलं, आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं.