अप्पांची मांडी

चंद्रव्वानं चुलीवर तापवलेली वीट फडक्यात गुंडाळली आणि लेकाच्या, शिवानंदच्या गुडघ्याला लावली.

उजाडलं होतं, कळ ओसरली होती. रोज तशीच ओसरायची. चार महिने झाले, रात्री दोनच्या सुमाराला दोन्ही गुडघे असे काही ठणकायचे, की सोलापूरच्या मार्केट यार्डात दिवसभर उभा राहणारा हा गडी उशीत तोंड खुपसायचा. एक्स-रे झाले, रक्त तपासलं, एमआरआयही झाला. रिपोर्ट सगळे धुतल्या तांदळासारखे! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेजारच्या निंगव्वानं अंगारा दिला. दुखण्यानं दोघांनाही भीक घातली नाही.

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवू की."

"नको अव्वा. ह्ये डॉक्टरचं न्हाय."

शिवानंद समोरच्या रिकाम्या पलंगाकडं बघत होता. चार महिन्यांपूर्वी त्याचे वडील वीरभद्रप्पा तिथंच गेले. रात्री झोप लागत नाही बिचाऱ्यांना, निजू द्यावं, म्हणून सकाळी नऊपर्यंत कुणी उठवलं नाही. तोवर पाय ताठ झाले होते. लिंगायतांत माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. जीव गेल्या गेल्या बसवलं तर पाय वळतात. अप्पांचे वळेनात. बायकांनी ऊन पाणी ओतलं, पुरुषांनी चोळून पाहिलं. शेवटी थोरला म्हणून शिवानंदनंच दोन्ही गुडघ्यांवर भार दिला. कडकन आवाज झाला. खोलीतल्या सगळ्यांनी तो ऐकला, पण त्यावर आजवर कुणी बोललं नव्हतं.

"येळेवर कळलं असतं तर पाय मऊ असते," तो म्हणाला.

"झोपेतच गेले रे. कुणाला कळणार?"

"मला कळलं हुतं."

चंद्रव्वानं मान वर केली.

"दोन वाजता हाक मारली त्यांनी. 'शिवू, पाय दाब रे.' रोजचंच. मी जागा हुतो अव्वा. कूस बदलून पडून राहिलो."

इतकं बोलून तो लहान पोरासारखा रडायला लागला. लाज त्याला रडण्याची नव्हती, चार महिने गप्प राहिल्याची होती. चंद्रव्वानं गार झालेली वीट त्याच्या गुडघ्यावरून काढून खाली ठेवली.

"आदी मलाच उटवलं हुतं त्येनी," ती हळूच म्हणाली. "मी भिंतीकडं तोंड केलं. म्हनलं, शिवूला हाक मारा."