पाटीवरची श्रीमती

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. आता माळ्यावर पडून असते. दुपारी खिडकीच्या फटीतून उन्हाची तिरीप येते, धूळ संथ तरंगू लागते आणि मी अर्धवट झोपेत पुन्हा दुकानाच्या दारावर जाऊन बसते.

मित्रांनो, सुताराने मला घासूनपुसून गुळगुळीत केले, तेव्हा मी कोरीच होते. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतले. इतकी वर्षे दुसऱ्यांकडे मान मोडून काम केल्यावर त्या स्वतःचे दुकान उघडत होत्या.

"ताई, नावाआधी सौ. ना?" रंगाऱ्याने विचारले.

"नाही. श्रीमती."

कुंचला थबकला. "अहो, पण साहेब तर आत्ताच चहा देऊन गेले!"

"गेले ना? लग्नाआधी ते श्री होते, आजही श्रीच आहेत. माझ्याच नावावरून घरची खबर कशाला कळायला हवी?"

रंग ओला असतानाच सासूबाई आल्या. श्रीमती फक्त विधवेलाच लावतात, अशी त्यांची पक्की समजूत.

"अगं, माझा लेक धडधाकट आहे! पूस आधी ते!" त्यांनी रंगाऱ्याचे फडके उचलले. माझ्या अंगावरचा मान आता एका फटकाऱ्यात जाणार होता.

बाईंनी त्यांना अडवले नाही. "आई, बाबा असताना तुमच्या पत्रांवर काय असायचं?"

"सौ."

"आणि ते गेल्यावर?"

फडके हवेतच राहिले. "लगेच श्रीमती. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. पाकीट हातात घेतलं की काटा यायचा अंगावर."

"शब्द मानाचाच आहे, आई. कुठल्याही बाईचा. तुमच्यावर तो वाईट दिवशी लादला. मी चांगल्या दिवशी मागून घेतेय."

सासूबाई माझ्याकडे वाकल्या. मग त्यांनी माझ्या कडेला ओघळलेला रंगाचा थेंब हलकेच टिपला आणि रंगाऱ्यावर खेकसल्या, "बघतोस काय? वेलांटी बारीक झालीय. ठळक कर!"

पुढे एखादे गिऱ्हाईक मला वाचून हळूच विचारी, "साहेब कधी गेले हो?" तेव्हा आतून साहेबच ओरडत, "अजून निघालो नाही!"

दुकान बंद झाले, माझा रंग उडाला. मला पुन्हा रंगवा, असा माझा हट्ट नाही. पण मित्रांनो, कुणा बाईच्या नावाआधी काही लिहायला घ्याल, तेव्हा आधी तिला विचारा. आणि ती सांगेल तेच लिहा.