दोन खोक्यांचं विमान

त्या वर्षी शिरूर तालुक्यातली जनावरं चारा छावणीत होती, माणसं टँकरच्या रांगेत होती आणि शहादेव दूध संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत बसून मिग विमान जोडत होता. संस्थेचा सचिव तो. सवयीनं रोज सकाळी कुलूप काढायचा, रिकामे कॅन पुसायचा आणि दूध घालायला कुणी येत नाही हे नऊपर्यंत पक्कं झालं की टेबलावर पेपर अंथरायचा. छावणीकडे जाणारे लोक खिडकीतून डोकावत आणि "उडतंय का न्हाई अजून?" असं विचारून पुढं जात. शहादेवला त्याचा राग येत नसे. खऱ्या मिगच्या पोटाखाली त्यानं वीस वर्षं काढली होती, वीतभर प्लास्टिकवरून कुणी हसलं तर त्याचं काय बिघडणार होतं.

बिघडलं होतं ते दुसरंच, आणि ते लोकांना ठाऊक नव्हतं.

हवाई दलातून सुटून गावाकडे येताना शहादेव आणि पालीचा उत्तरेश्वर पुण्यात उतरले होते. दोघं एकाच तुकडीतले मेकॅनिक, एका विमानाच्या दोन पंखांखाली उभे राहून म्हातारे होत आलेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मिगच्या मॉडेलची दोन किटं घेतली. एकाच कंपनीची दोन मिळाली नाहीत. शहादेवच्या खोक्यातलं प्लास्टिक राखाडी, उत्तरेश्वरचं फिकट हिरवं. शेजारी बसून, एकाच दिवशी सुरू करून एकाच दिवशी संपवायचं, असं ठरलं. मग शेती आली, पोरींची लग्नं आली, आणि अठरा वर्षं खोकी तशीच राहिली. मागच्या दिवाळीत उत्तरेश्वर आपलं खोकं घेऊन शहादेवकडे आला. त्याची नजर बाजूनं बाजूनं जात चालली होती आणि त्याला अंबाजोगाईला दाखवायचं होतं.

"घरी नातवंडं फोडतेल," तो म्हणाला. "तुझ्यापशी ऱ्हाऊ दे. डोळ्याचं झालं की येतो, मग बसू."

एवढं सांगून गेलेल्या माणसाची वाट बघायला हवी होती. शहादेवनं फाल्गुनापर्यंत बघितली. मग रिकामं टेबल दिसायला लागलं आणि त्याचे हात शिवशिवले. आपलं आपण सुरू करावं, उत्तरेश्वर आला की त्याला गाठू द्यावं, असं म्हणून त्यानं स्वतःचं खोकं फोडलं. चैत्रात एका दुपारी विमानाच्या धडाचे दोन्ही अर्धे भाग खिडकीत ठेवून तो जेवायला गेला. वर पत्रा, खाली पत्रा. आला तेव्हा ते भाग उन्हात टाकलेल्या पापडासारखे वाकडे झाले होते.

हळहळून गप्प बसला असता तर ही गोष्टच झाली नसती. त्यानं उत्तरेश्वरचं खोकं काढलं.

तेव्हा मंजुळाबाई, त्याची बायको, पाण्याची कळशी ठेवायला आली होती. "आवं, ते तर भावजींचं हाय."

"धडच घेतोय. त्याला दुसरं मागवून देतो."

पण दुसऱ्या कंपनीच्या धडाला आपले पंख बसेनात, म्हणून पंखही घेतले. मग शेपूट घेतलं. नाक तेवढं त्याचं स्वतःचं राहिलं, आणि चाकं आणि काच. जिथं राखाडी नाक हिरव्या धडाला लागत होतं तिथं फट पडली. ती लांबीच्या लगद्यानं भरून, घासून, पुन्हा भरून त्यानं आठ दिवस काढले. काम झकास झालं. ते झकास होत होतं तसतसा तो स्वतःशी म्हणत होता, नाहीतरी त्याला दिसतंय कुठं, खोक्याला काय चाटायचंय त्यानं. हे वाक्य मनात पहिल्यांदा आलं तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली होती. नंतर ते सवयीचं झालं, आणि त्याची जास्त लाज वाटायला हवी होती.

विमान रंगवून झाल्यावर त्यानं उत्तरेश्वरचे उरलेले तुकडे आणि आपलं वाकडं धड त्याच्या खोक्यात भरलं, वरून नवी चिकटपट्टी लावली आणि खोकं फळीवर ठेवलं. मंजुळाबाईनं ते बघितलं. ती बोलली असती तर शहादेवला भांडता तरी आलं असतं.

वैशाखात उत्तरेश्वर आला. बायको वत्सलाबाई हाताला धरून घेऊन आली आणि संस्थेच्या दारात त्याला सोडून शेजारीच मंजुळाबाईकडे घरात गेली. उत्तरेश्वर चौकट चाचपत आत आला. शहादेवनं खुर्ची दिली. मग त्यानं नदीच्या पाण्याचं विचारलं.

"बिंदुसरा आटली बे. तळ दिसतोय म्हणतेत," उत्तरेश्वर म्हणाला. "मला तर तळबी दिसंना. काचबिंदू हाय. गेलं ते माघारी येत न्हाई म्हणले डॉक्टर. हाय तेवढं औषधावर टिकवायचं." मग त्यानं हात पुढं केला. "विमान केलंस म्हणं. बसचा कंडक्टर सांगत होता. आण इकडं."

शहादेवनं दिलं. उत्तरेश्वरनं ते मांडीवर घेतलं आणि बोटं फिरवायला लागला. दलात असताना विमानाचा पत्रा कुठं फुगलाय, कुठला रिव्हेट सैल आहे, हे तो डोळ्यांच्या आधी बोटांनी सांगायचा. पंखावरून, शेपटावरून बोटं सावकाश गेली. वैमानिकाच्या काचेपुढं येऊन थांबली. मागं आली. पुन्हा थांबली.

"हितं जोड हाय."

"उन्हानं वाकलं होतं," शहादेव म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणून तर तोंडातून इतकं सहज निघालं.

"लई साफ केलास. दुसऱ्याला घावायचा न्हाई." उत्तरेश्वर हसला. विमान जपून टेबलावर ठेवून म्हणाला, "मी काहून आलो सांगू? माझं खोकं न्यायला न्हाई आलो. आता माझ्याच्यानं व्हायचं न्हाई ते. म्हणलं आपुन जाऊन शहादेवला देऊन यावं. कुणाच्या हाती सांगून धाडलं असतं, पर वत्सला म्हणली, द्यायचं तर सोता द्यावं. आण खोकं, माझ्या हातानं देतो तुला."

शहादेव उठला. फळीपर्यंत चार पावलं होती. त्या चार पावलांत त्याला कळलं की तो सुटला. खोकं आता त्याचंच होणार होतं. आतलं कमी-जास्त कुणी बघणार नव्हतं, विचारणार नव्हतं. नुसतं खोकं आणून मांडीवर ठेवायचं, आणि मग "कशाला रे" म्हणत घ्यायचं. एवढंच काम होतं.

त्याला दलातली एक संध्याकाळ आठवली. रोज संध्याकाळी हत्यारांची मोजणी व्हायची, प्रत्येक पान्यावर नंबर असायचा, एक जरी कमी भरला तरी विमान उडत नसे. हरवणाऱ्यानं मोठ्यानं आपलं नाव आणि नंबर सांगायचा, असा नियम होता. त्या दिवशी शहादेवचा पाना हरवला आणि त्याची जीभ उचलेना. उत्तरेश्वर शेजारून म्हणाला होता, "सांग बे. हुडकायला मी हाय." आणि तापलेल्या काँक्रीटवर गुडघे टेकून त्यानं तो हुडकला होता.

शहादेवनं खोकं आणून उत्तरेश्वरच्या मांडीवर ठेवलं. तो वरून अंगठा फिरवायला लागला. चिकटपट्टी नवी होती.

"त्यात सामान कमी हाय," शहादेव म्हणाला. "मी काढलं. धड, पंख, शेपूट. तू हातात धरलंस ते तुझंच विमान हाय. नाक तेवढं माझं."

उत्तरेश्वरचा अंगठा चिकटपट्टीवरच थांबला. बाहेर टँकर आला होता, घागरींचा आवाज चालू होता.

"म्हणला असतास तर दिलं असतं," तो म्हणाला.

"म्हाईत हाय."

"न्हाई, तुला म्हाईत न्हाई. सकाळधरनं बसमधी ते एकच मनात घोकत आलो मी. आता दुसरं काय हाय माझ्याकडं तुला द्यायला?" त्याचा आवाज चढला नव्हता. "आता देऊ काय मी?"

उत्तरेश्वरनं चिकटपट्टी फाडली.

"मोजणी घे."

शहादेव एकेक तुकडा काढून त्याच्या तळहातावर ठेवत गेला आणि नाव सांगत गेला. नाक. चाकं. पुढची काच. उत्तरेश्वर चाचपून "हाय" म्हणायचा आणि तुकडा टेबलावर ठेवायचा. वाकडं धड हातात आलं तेव्हा तो म्हणाला, "हे माझं न्हाई," आणि ते त्यानं वेगळं ठेवलं. खोकं रिकामं झालं. मग जे नव्हतं त्याची नावं शहादेवला घ्यावी लागली. धडाचे दोन भाग. "न्हाई." दोन पंख. "न्हाई." शेपूट. "न्हाई." प्रत्येक 'न्हाई'ला उत्तरेश्वर अगदी सरळ बसून होता, तुकडीत बसायचा तसा.

"कमी भरलं," तो शेवटी म्हणाला. "कुणाकडनं?"

अठरा वर्षांनी शहादेव सावधान उभा राहिला. त्यानं आपलं नाव सांगितलं, आपला नंबर सांगितला. नंबर त्याला एका दमात आठवला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी त्याला सगळा हवाई तळ ऐकतोय असं वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

'सांग बे' म्हणणारा या खेपेला 'हुडकायला मी हाय' म्हणाला नाही. त्यानं वत्सलाबाईला हाक मारली, चौकट चाचपली आणि तिच्या हाताला धरून बसस्टँडकडे निघाला. शहादेव दारात उभा राहिला. टेबलावर विमान होतं. उत्तरेश्वरनं ते मागितलंही नव्हतं आणि दिलंही नव्हतं.